मी आडावर पडले नव्हते

मी आडावर पडले नव्हते. बाकीचं नंतर सांगते, पण हे आधी.

पुण्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना असंच वाटायचं, आणि आमच्या निम्म्या भावकीला अजूनही वाटतं, की निमोण्याची सुमन आडावर पाय घसरून पडली आणि तिचा मणका गेला. अहो, आमच्या घराला आडच नाही. मळ्यात विहीर आहे आणि तिच्यावर इंजिन बसवलेलं आहे. गावच्या आडावर तर लग्न झाल्यापासून मी कधी दोर टाकला नाही. तरी सगळ्यांनी विश्वास ठेवला. खोटं बोलणारा पुरुष असला आणि खाटेवर बाई असली की कुणी उलटून विचारत नाही.

ज्यांची पाठ कापून शिवलेली आहे, किंवा कापायची ठरली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. मी रागाचं सांगणार आहे. आजाऱ्यानं मन शांत ठेवावं असं येणारा जाणारा सांगतो. ज्यांना जमतंय त्यांनी ठेवावं. मला नाही जमलं. मी रागावर उठले, आणि तो राग नसता तर आज कुठं पडले असते ते माझं मला माहीत.

*

दुष्काळ सरला होता. विहिरीला पुन्हा पाणी आलं होतं, त्यामुळं घरात सगळ्यांना नुसती घाई झालेली. अर्ध्या रानात गवार, अर्ध्यात वांगी. घरात आम्ही तिघंच. मी, मालक आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर वारले तेव्हा तिला माहेरी कुणी विचारलं नाही, मग ती इथंच राहिली. माझ्या पदरी मूल नव्हतं अजून, तिला कधी झालंच नाही. दोघी एका चुलीपुढं बसायचो, भांडायचो, आणि पुन्हा एकाच ताटलीतला भुईमुगाचा ठेचा खायचो.

अक्का पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायानं जन्मलेली. आमच्याकडं कुणाच्या कमरेत उसण भरली की डॉक्टरकडं कुणी जात नाही. पायाळू माणसाकडं जातात. त्यानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण निघते म्हणतात. विधवा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, लग्नात पुढं येऊ देत नाहीत, पण उसण भरली की तीच बाई लागते. आमच्या अंगणात सकाळी सकाळी करड्याचे, न्हावऱ्याचे, लांबलांबचे बाप्ये कमरेवर हात ठेवून उभे असायचे, आणि जाताना तिच्या पाया पडायचे.

एक नियम मात्र कडक. उसण काढताना बोलायचं नाही. पायाळूनं नाही, दुखणेकऱ्यानं नाही, बघणाऱ्यानंही नाही. बोललं की उसण परत बसते. त्यामुळं तेवढा वेळ अंगणात कोंबडं ओरडेल तेवढंच.

मी वांग्याची पाटी उचलायला वाकले आणि वर आलेच नाही. कमरेत अशी काही चमक मारली की पाटी तिथंच, मी तिथंच. संध्याकाळी अक्कानं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, कमरेला तीनदा डावा पाय लावला. हलकाच. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी गवार तोडायची होती, बाजार धरायचा होता. सकाळी मालकांनी अंगणात घोंगडी टाकली, म्हणाले, "पालथी नीज, परत एकदा काढू."

मी तोंड घोंगडीत घालून पडले. अक्काचा पाय तीनदा लागला. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं झालं. आणि एकदम अख्खी अक्का दोन्ही पायांनी माझ्या पाठीवर उभी राहिली.

आत काहीतरी फुटलं. आवाज मला ऐकू आला. मी किंचाळले तशी कुत्री भुंकायला लागली. आणि अंगणात जमलेली चार माणसं एका सुरात म्हणाली, "निघाली! निघाली उसण!"

मी लोळत होते आणि त्यांनी नारळ फोडला. शेजारची एक बाई अक्काच्या पाया पडली. मला कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा आणून दिला, तो मी हातात धरला. पाय हलवायला गेले तर उजवा पाय माझा नव्हताच. कुणा दुसऱ्याचा पाय माझ्या लुगड्यात ठेवून गेल्यासारखा.

*

संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मुद्दाम लिहिते. पाठ दुखते, पाय बधिर आहे आणि लघवी होत नाही, असं कुणाचं असेल तर पायाळू शोधू नका, गाडी शोधा. मला ह्या एका वाक्यासाठी कुणी पेन हातात दिलं असतं तरी मी लिहिलं असतं.

दुधाच्या गाडीत फळीवर घालून मला शिरूरला आणलं. कॅन आणि मी, शेजारी शेजारी. शिरूरचे डॉक्टर म्हातारे होते, दाराशीच बघायला आले. पायाशी वाकून काहीतरी करत होते. मी म्हटलं, "काय टोचायचं ते लवकर टोचा."

ते म्हणाले, "बाई, मघापासून टोचतोच आहे."

तेव्हा मला भीती वाटली. दुखत होतं तोवर नुसतं दुखत होतं, भीती नव्हती. टाचणी पायात जाते आहे आणि आपल्याला कळत नाही, हे ऐकलं आणि ती आली. डॉक्टर मालकांना म्हणाले, "इथं थांबू नका. आत्ताच्या आत्ता पुणं."

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कशानं झालं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मालक बोलले. "आडावर पाय घसरला, सायेब. पडली."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझा हात दाबला. धीर द्यायला दाबतात तसा नाही. गप बस म्हणून दाबतात तसा. आणि मी गप बसले. अंगात त्राण नव्हतं, सुई टोचलेली, जीभ जड झालेली. डॉक्टर सांगत होते की दोन मणक्यांमधली गादी फुटून नसांवर बसली आहे, पाठ उघडून ती काढावी लागेल, पाय येईल का ते आत्ता सांगता येत नाही. मालक मान हलवत होते. माझ्या डोक्यात एकच घण बसत होता. आडावर म्हणे. आडावर!

मला बाकी काही नको होतं. पाय आला तर बरंच, पण त्याच्याआधी मला हवं होतं की ह्या घरातल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत सांगावं, की हे आम्ही केलं. टेबलावर नेलं तेव्हा बाकीच्या बाया देवाचं नाव घेत असतील. मी मनात म्हणत होते, अक्के, मी परत येते की नाही बघ.

*

ऑपरेशन झालं. त्याचं मला काही आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

नंतरचे दिवस मात्र एकेक आठवतो. उजाडायच्या आत आया यायची, ओल्या फडक्यानं पुसायची. मग ती आणि सिस्टर दोघी मिळून मला ओंडका कलवावा तसं कुशीवर कलवायच्या. पाठ वाकता कामा नये, माणूस अख्खं एकदम वळलं पाहिजे. मग चहा, तो पडल्या पडल्या बशीतनं. मग शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यातला एक रोज विचारायचा, "या आडावरच्या ना?" रोज माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी म्हटलं, "नाही, मी आडावर पडले नाही." तो हसून सिस्टरला म्हणाला, "धक्क्यानं विसरतात कधी कधी."

घ्या. आता मी वेडीही झाले.

बेडपॅनचं काय सांगू? घरी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता कधी. इथं सगळंच ढळलं. पहिले काही दिवस मी रडले, मग एका आयानं सांगितलं, "ताई, आम्हाला रोजचंच हाय, तुम्हालाच नवं हाय." त्यानंतर रडले नाही.

शेजारच्या खाटेवर मुळशीकडची एक म्हातारी होती. तिला तिच्याच म्हशीनं ढुशी देऊन पाडलं होतं, मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून वर टांगलेला. ती दिवसभर त्या म्हशीला शिव्या द्यायची. "घरी जाऊ दे मला. रांडेला दावणीला बांधून पेंढा समोर ठेवीन आन् खाऊ देणार न्हाई. नुसता बघू देईन."

मी तिला अक्काचं सांगितलं. दवाखान्यात मी जिला खरं सांगितलं आणि जिनं ते खरं मानलं अशी ती एकटीच. मग आमचा रोजचा उद्योग झाला. संध्याकाळचे भेटायला येणारे गेले, वॉर्ड शांत झाला की ती म्हणायची, "हं, आज तुझ्या जावंचं काय करायचं?" मी म्हणायचे, "भर बाजारात उभी करायची." ती म्हणायची, "ते काल झालं, नवीन सांग." दोघी हसायचो. टाके ओढायचे, तरी हसायचो. मग एक दिवस तिचा मुलगा आला आणि म्हणाला, दवाखान्याच्या खर्चाला म्हैस विकली. म्हातारी आडवी पडूनच ढसाढसा रडली. "माझी लक्षुमी विकलीस रं, मुडद्या!" मी तिच्याकडं बघतच राहिले. माझा राग तसला नव्हता.

एका सकाळी आया पाय पुसत होती आणि म्हणाली, "गुदगुल्या होत्यात काय?" मी खाली बघितलं. उजव्या पायाचा अंगठा हलला होता. मी परत हलवला. हलला! आयानं सिस्टरला हाक मारली, सिस्टरनं डॉक्टरांना. मोठे डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "पाय येईल. वेळ लागेल, पण येईल."

सगळ्यांना वाटलं मी आनंदानं रडते आहे. आनंद होताच, खोटं कशाला बोलू? पण मनात पहिलं आलं ते असं की अक्के, आता सुटका नाही तुझी.

*

दवाखान्यातून मी निमोण्याला गेले नाही. माझा भाऊ दौंडला रेल्वेत फिटर. दादा म्हणाला, "पाठ बरी होस्तवर माझ्याकडं राहील." मालकांनी आणून सोडलं आणि गेले.

रेल्वेचं क्वार्टर दोन खोल्यांचं. एका खोलीत माझी खाट, तिच्यावर गादीच्या खाली लाकडी फळी. वाळत घातलेल्या कपड्यांवर इंजिनाची काजळी बसायची, गाडी गेली की भांडी वाजायची. कमरेला चामड्याचा जाड पट्टा, आत लोखंडी पट्ट्या. उन्हाळ्यात त्याच्या आत घामानं कातडं सोलवटून निघायचं. रोज सकाळ संध्याकाळ व्यायाम. पडल्या पडल्या पाय उचला, धरा, सोडा. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी पाय चटईवरनं सुटेना तेव्हा मी दातांनी उशीची खोळ फाडली.

वहिनीनं माझं सगळं केलं. आंघोळ घातली, वेणी घातली. आणि किती झालं तरी तीही माणूसच. एक दिवस सकाळी मी व्यायाम करत होते, दर वेळी पाय उचलताना तोंडानं "अक्का" म्हणत होते, शिवी घालावी तसं. वहिनी कणीक मळत होती. परात आपटून उठली.

"वन्सं, एक सांगू का? माझ्या घरात सकाळी सकाळी दुसरीच्या नावानं बोटं मोडायची न्हाईत. सहा वाजता उठून तुमचं पाणी मी तापवते. नाव कुणाचं घेता तर तिचं!"

मी म्हटलं, "वहिनी, तिचं नाव घेतल्याशिवाय पाय उचलत नाही."

"मंग मनात घ्या!"

त्या दिवशी आम्ही दोघी बोललो नाही. जेवताना तिनं माझ्या ताटात दुप्पट भाजी वाढली आणि मी मुकाट खाल्ली. तेव्हापासून मी नाव मनात घ्यायला लागले. आजारी माणसाच्या घरच्यांबद्दल लिहिताना लोक नुसती माया लिहितात. माया असतेच. पण कंटाळाही असतो, आणि तो त्यांनी एकदा बोलून दाखवला की घर हलकं होतं.

चालायला सपाट जमीन पाहिजे होती. चाळीच्या आवारात खड्डेच खड्डे. दादा म्हणाला, "दौंडात सपाट जागा एकच, फलाट." मग दुपारी, गाड्यांची गर्दी नसताना, तो मला काठी देऊन फलाटावर सोडायचा. मी एका बाकड्यापासून दुसऱ्या बाकड्यापर्यंत जायचे. हमाल ओळखायला लागले. एक उत्तरेकडचा हमाल होता, तो लांबून ओरडायचा, "चलो दीदी, आज नल तक!" नळापर्यंत पोचले की तोच पाणी भरून द्यायचा. काठी सुटली त्या दिवशी त्यानं डोक्यावरचं ओझं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. फलाटावरचे लोक बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं की मी तेवढा वेळ अक्काला विसरले.

मालक महिन्याकाठी यायचे. पिशवीत गवार नाहीतर वांगी. दाराशी बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे. "बरं हाय नव्हं?" एवढंच.

एकदा मी म्हटलं, "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"कशाला उकरून काढतीस? झालं ते झालं. घराची अब्रू हाय."

"अब्रू कुणाची? अक्काची?"

ते टोपी उचलून झटकायला लागले. मग म्हणाले, "तिला काय बोलू नकोस, एवढंच सांगतो. तिची चूक न्हाई."

माझ्या डोक्यात आग गेली. पाठ माझी फोडली आणि कड तिची घेतात! आणि खरं सांगते, मनात नाही नाही ते आलं. विधवा भावजय, एकटा दीर, मी महिनोन् महिने बाहेर. असलं घाणेरडं मी कधी कुणाबद्दल मनात आणलं नव्हतं. पण फळीवर पडून राहिलेल्या माणसाच्या डोक्याला दुसरं काम नसतं. त्या दिवशी मी ठरवलं, पट्टा लावून का होईना, पण स्वतःच्या पायांनी जाणार, आणि एकटीला गाठून नाही, लोकांत बोलणार.

*

दिवाळी होऊन गेल्यावर दादानं मला निमोण्याला आणलं. फाट्यावर एस.टी.तून उतरलो. दादा म्हणाला, "बैलगाडी बघतो." मी म्हटलं, "नको. चालत जाणार." वाटेत बाया हातातलं खुरपं थांबवून बघत होत्या. "सुमन हाय गं! चालतीया की!" मी कुणापाशी थांबले नाही.

अंगणात माणसं होती. उसण काढायचीच वेळ होती ती. एक तरणाबांड गडी भिंतीकडं तोंड करून उभा, बाजूला त्याची आई, दोन-तीन शेजारी, ओट्यावर मालक. अक्कानं पाय उचललेला. सगळे गप्प.

मी बोलले.

"अक्का, ह्याला पण निजवून वर चढणार का गं?"

आयुष्यात पहिल्यांदा तिला अगंतुगं केलं. त्या गड्याची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बोललीस व्हय मधीच!" मी म्हटलं, "बोलले. आणि बोलणार." मी पाठ त्यांच्याकडं केली, पदर सारला, पट्टा वर केला आणि वण दाखवला. कमरेपासून वर वीतभर. "बघा. बघून घ्या. आडावर नाही पडले मी. हिच्या पायाचं काम आहे हे. तुम्ही नारळ फोडला होता त्या दिवशी."

मग मी तिच्याकडं वळले. "सांग ना आता. चढलीस की नाही?"

मला वाटलं ती रडेल. नाहीतर नाही म्हणेल. दोन्हीला माझ्याकडं उत्तर तयार होतं, एवढे महिने तेच केलं होतं.

अक्का म्हणाली, "चढले. मी कवाच न्हाई म्हणले न्हाई. कुणी इचारलंच न्हाई मला."

मग तिनं ओट्याकडं बोट केलं.

"आता ह्यांना इचार, चढ म्हणून हात कुणी केला. तुझं तोंड घोंगडीत व्हतं. मी तीनदा पाय लावला आन् बाजूला झाले. तुझ्या मालकानं असा हात केला. वर चढ. मी मान हलवली, न्हाई म्हणून. परत केला. डोळे वटारून केला. बोलायचं नसतंया तवा, न्हाईतर बोलले असते. आन् बोलले असते तरी काय? ह्यांच्या घरात राहते, ह्यांची भाकर खाते. चढले."

मी मालकांकडं बघितलं. ते ओट्यावरून उठले, परत बसले. टोपी काढली, परत घातली. शेजाऱ्यांपैकी एक जण जमिनीकडं बघत होता. त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीला नव्हतं.

शेवटी मालक म्हणाले, "गवार जून झाली असती." एवढंच. गवार जून झाली असती!

दादा पुढं व्हायला लागला. मी त्याला अडवलं. म्हटलं, "तू जा दौंडला. हे माझं आहे."

वहिनी अजून विचारते, तुम्ही परत गेलातच कशा त्या घरात. तर ते घर माझं होतं म्हणून. त्या मळ्यातल्या प्रत्येक वाफ्यात माझी कंबर मोडली आहे. मी का जाऊ?

अक्काला मी माफ केलं का? नाही. हात त्यांचा होता, पण पाय तिचे होते. तिनंही माझ्याकडं माफी मागितली नाही. त्या दिवसानंतर तिनं कुणाला पाय लावला नाही, कितीही पाया पडले तरी. आम्ही पुन्हा एका चुलीपुढं बसायला लागलो. ठेचा मात्र वेगवेगळा वाटून घ्यायचो.

*

मालकांना मी काही बोलले नाही. ते रोज वाट बघायचे, आज बोलेल, आज भांडेल. मी भाकरी वाढायचे, व्यायाम करायचे. पुण्याला दाखवायला जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी बोलले.

"उद्या तिथं तुम्ही सांगायचं. कशानं झालं ते. खरं."

"डाक्टरला आता काय करायचंय त्येचं?"

"डॉक्टरला काही करायचं नाही. मला करायचं आहे. सांगणार नसाल तर तिथनंच मी दौंडची गाडी धरते."

रात्रभर ते कूस बदलत होते. मला छान झोप लागली.

दवाखान्यात तीच गर्दी, तोच फिनेलचा वास. मोठ्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, टाचेवर, चवड्यावर. पाय उचलून बघितला. दोन शिकाऊ डॉक्टर शेजारी, दारात सिस्टर, बाकावर पुढची माणसं बसलेली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. आता आडावर पाणी भरायला जायचं नाही हं."

मी मालकांकडं बघत उभी राहिले.

त्यांनी टोपी हातात घेतली. घसा खाकरला. डॉक्टरांनी मान वर केली.

"सायेब, ती आडावर न्हाई पडली. मी चढवलं तिच्या पाठीवर. भावजयीला. उसण काढायला. ती न्हाई म्हणत व्हती, मी हात केला, चढ म्हणून. गवार तोडायची व्हती."

शिकाऊ डॉक्टरांतला एक, तोच धक्क्यानं विसरतात म्हणणारा, त्याचा चेहरा पडला. सिस्टर दारातच थांबली. बाकावरची एक बाई "अगं बया" म्हणाली. मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी एकेक शब्द ऐकला. इतके महिने ज्याच्यासाठी पाय उचलला, ते हेच.

मला वाटलं होतं डॉक्टर त्यांना झापतील. ते त्यांना एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्या चालता आहात. पुढच्या वेळी एकट्या आलात तरी चालेल."

पुढच्या वेळी मालक सकाळीच धुतलेला सदरा घालून तयार होते, हातात पिशवी. फाट्यापर्यंत आले. एस.टी. आली तेव्हा म्हणाले, "येऊ का?"

मी म्हटलं, "कशाला? डॉक्टर म्हणाले ना, एकटी चालते मी."

तेव्हापासून मी एकटीच जाते. पुण्याला, दौंडला, शिरूरच्या बाजाराला, कुठंही. त्यांना वाटतं, हिचा राग अजून गेलेला नाही. खरंच गेलेला नाही.